उघाडीची पाचर

सन १८८७. माझं वय तेव्हा चौपन्न. वय आईने सांगितलेलं आहे, त्यात एखादं वर्ष इकडेतिकडे असेल. साल पक्कं आहे, त्याला कोणाची साक्ष नको.

हे लिहायला बसलो त्याला कारण माझा नातू. गेल्या महिन्यात ठाण्यात कसलीशी सभा होती, तिथे तो गेलेला. घरी आला तो छाती फुगवून. म्हणाला, "आजोबा, एका मोठ्या वकिलाने तुमची गोष्ट सांगितली. म्हणाला, लहानपणी आम्ही खाडीवर जायचो, तिथे एक म्हातारा आगरी होता, आमच्या हातून त्याचं मीठ बुडालं आणि त्याने हूं की चूं न करता आम्हाला क्षमा केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

क्षमा! मी दोन यत्ता शिकलो, त्याही एक पावसाळा मधे बुडवून. पण खोटं मला ओळखता येतं, आणि स्वतःबद्दलच्या खोट्याचा तर लांबून वास येतो. वकील तेव्हा त्या पोरांतलाच एक, आणि त्या दिवशी बांधाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला काय ठाऊक? मी कोणाला क्षमा केली नाही, आणि हूं की चूं तर इतकं केलं की घसा बसला. म्हणून जे झालं ते लिहितो. अक्षर वाकडं आहे, ते तसंच राहील.

माजिवड्याच्या बाहेर खाडीला लागून आमचं मिठागर. आमचं म्हणजे मालकाचं, आम्ही राबणारे. पण उघाडी माझी. खाडीच्या बांधाला एक दार असतं, लाकडी फळ्या एकावर एक बसवलेल्या, दोन्ही बाजूंना खाचा. उधाणाच्या भरतीला फळ्या उचलायच्या, हवं तेवढं पाणी आत घ्यायचं, फळ्या बसवायच्या आणि वरून पाचर ठोकायची. तीच उघाडी. पाणी किती घ्यायचं, कधी घ्यायचं, हे एकच माणूस ठरवतो. दोघांनी ठरवलं की मीठ गेलं. माझ्या आधी ती माझ्या बापाकडे होती. बाप मेल्यावर मालकाने मला बोलावलं आणि म्हणाला, "उघाडी तू बघ." तेव्हापासून दुसऱ्या कोणी त्या फळीला हात लावलेला नव्हता. माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा नाही.

आणि अशा जागी ठाण्याच्या लोकांना पोरं आणायची बुद्धी झाली.

झालं असं की, शहरातल्या चार शहाण्या माणसांनी मिळून एक मंडळ काढलं. कचेरीतले कारकून, एक वैद्य, एक दुकानदार आणि त्यांचा म्होरक्या म्हणजे इंग्रजी शाळेतला एक तरणा मास्तर. म्हणे पोरं घरात बसून वाकलीत, पुस्तकं वाचून डोळे गेले, भात झाडाला लागतो की वेलाला हे ठाऊक नाही. तेव्हा एक रविवार सोडून एक रविवार पोरांना बाहेर काढायचं. कधी येऊरच्या रानात, कधी तलावांवर, कधी खाडीवर. न्याहारी मंडळाची. ठाण्याची सतरा-अठरा पोरं आणि कल्याणहून आगगाडीने येणारी चार. मालक त्या मंडळात होता, म्हणून खाडीचे रविवार माझ्या गळ्यात पडले.

"तू दाखव त्यांना सगळं," मालक म्हणाला.

"काय दाखवू? चिखल?"

"चिखल तर चिखल. तुला जे येतं ते दाखव."

पहिल्या रविवारी आले ते ऊन चढल्यावर. पायांत जोडे, अंगात कोट, डोक्याला टोप्या. चौदा-पंधरा वर्षांचे घोडे. आमच्याकडे या वयाचे लग्न होऊन कामाला लागलेले असतात. बांधावर पाय ठेवला आणि एक जण ओरडला, "मास्तर, मासा चालतोय!" निवट्या होता. ओहोटीला चिखलात उड्या मारतो, सगळ्या जगाला ठाऊक. हे वीस जण वाकून बघताहेत, मास्तर सगळ्यांत पुढे. निवट्या बिळात गेला तर म्हणतात, आता परत कधी येईल? मी म्हटलं, "त्याला विचारून सांगतो."

मास्तर हसला. मला हसवायचं नव्हतं.

त्या मास्तराची एक खोड होती. मी काही बोललो की खिशातून वही काढायचा आणि लिहायचा. तिवराची पानं चाटली तर खारट लागतात, लिही. टिटवी अंडी उघड्यावर घालते, लिही. मी म्हटलं, "मास्तर, एवढं लिहून घेताय, तुमच्या पुस्तकात नाय का हे?" तर म्हणाला, "नाही बाबा, पुस्तक लिहिणारा माजिवड्याला आलेला नाही." तो मला 'तुम्ही' म्हणायचा, हेही सांगतो. मालक 'तू' म्हणायचा, ठाण्यातला कोणीही शिकलेला 'तू'च म्हणायचा. मास्तराच्या 'तुम्ही'मुळे मला त्याच्यावर नीट ओरडता यायचं नाही, याचाच राग यायचा.

दुसऱ्या वेळी मी पोरांना विचारलं, "एकादशीला भरती किती वाजता भरेल?"

ठाण्यात जन्मले, अर्ध्या कोसावर खाडी, आणि भरतीची वेळ माहीत नाही! मास्तर वही चाळायला लागला. मी म्हटलं, "पाऊणकी येते?"

"येते की!" वीस जण एकदम. डोळे मिटून म्हणून दाखवतील.

"मग म्हणा. अकरा पाऊण?"

"सव्वाआठ."

"सव्वाआठला भरली भरती. तिथीची पाऊणपट करायची. पाऊणकी तुम्हाला कशाला शिकवली मग? ओरडायला?"

मास्तराने टाळी वाजवली, आणि पोरं द्वादशी, त्रयोदशी करत सुटली. त्या दिवशी जाताना सुद्धा बांधावर पाऊणकी चालू होती. मला वाटलं होतं, आता तरी अक्कल येईल. पण पुढच्या वेळी तीच पोरं जोडे घालून तयार कोंडीत उतरली. कोंडी म्हणजे मीठ पिकतं ते उथळ खाचर. त्याची जमीन पायांनी आणि फळीने चोपून चोपून आम्ही दगडासारखी करतो, त्याला महिना जातो. तिच्यावर जोड्याचा एक ठसा उमटला की तिथला चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. मी ओरडत धावलो. "जोडे घालून देवळात जाता काय रे?" तर एक म्हणतो, "पण इथे देव कुठे आहे?" त्याला मी काय म्हणालो ते लिहीत नाही. मास्तराने ते वहीत लिहिलं नाही, एवढं मात्र पाहिलं.

त्याच दिवशी ती गोष्ट झाली. गोष्ट म्हणजे काहीच नाही, चार शब्द. पोरांत एक लांब नाकाचा होता, कल्याणचा. सगळ्यांत जास्त प्रश्न त्याचेच. उघाडीकडे बघत त्याने विचारलं, "बाबा, ही फळी उचलायला किती माणसं लागतात?"

"एक."

"कोण?"

"मी."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग शेजारच्याकडे पाहून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. सगळे हसले. मास्तराने डोळे वटारले, पण त्याच्या ओठाचा कोपराही हलला. काय म्हणाला ते मी विचारलं नाही. आजपर्यंत मला ठाऊक नाही. पण पंधरा दिवस ते हसू माझ्या जेवणात होतं.

पुढचा खाडीचा रविवार माघातल्या अमावास्येला आला. उधाण मोठं. आणि खालच्या अठरा कोंड्यांत मीठ तयार, पांढरं शुभ्र, त्या वर्षीचं पहिलं. दोन दिवसांत ओढून ढीग घालायचे. अशा दिवशी शहाणा माणूस उघाडीकडे बघतसुद्धा नाही. पाचर आणखी दोन घाव घालून घट्ट करतो आणि लांब बसतो.

मी काय केलं ते आता सांगतो. सकाळी पोरं यायच्या आधी, ओहोटी असताना, मी एकटा उघाडीवर गेलो. पाचर काढली आणि कमरेला खोवली. वरची फळी हलवून हलवून सैल केली. दोन्ही खाचांत मुशी माशाचं तेल सोडलं. मनात असं की, भरती पुरी भरली की पोरांना समोर उभं करायचं आणि एका बोटाने फळी वीतभर उचलून दाखवायची. फटीतून पाणी पडेल, त्यात चार मासे उडतील, पोरं आ करतील, की लगेच फळी खाली. वीतभर पाण्याने माझ्या बाहेरच्या तळ्याला, म्हणजे उघाडीतलं पाणी आधी जिथे साठतं त्याला, काही होत नाही, तेवढी जागा होती. मला सगळं मोजून माहीत होतं. एका बोटाने. लांब नाकवाल्याच्या समोर.

आले. पाणी चढत होतं. मी सांगितलं, "उघाडीला कोणी हात लावायचा नाय." का नाही, ते सांगितलं नाही. मला कारण सांगायची सवयच नव्हती. माझ्या बापाने मला कधी सांगितलं नाही, मी कोणाला सांगत नाही. मास्तराचं उलट. तो पोरांना रोज सांगायचा, "स्वतः करून पाहा, तेव्हा कळेल."

आणि तेवढ्यात दोघे पुन्हा कोंडीकडे वळलेले मला दिसले. मी ओरडत तिकडे गेलो. बांधाच्या त्या टोकाला पोचलो असेन नसेन, मागून पाण्याचा आवाज आला. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

वळून पाहतो तर वरची फळी वर आली होती, तरंगून सुटली होती, आणि लांब नाकाचा पोरगा बांधावर हात पसरून उभा. वरची गेली की खालच्या फळीला धरायला काही राहत नाही. मी धावेपर्यंत तीही गेली. उधाणाचं सगळं पाणी बाहेरच्या तळ्यात. तळं भरलं, मधल्या बांधावरून सांडायला लागलं, आणि बांधाच्या पलीकडे माझ्या अठरा कोंड्या.

"चिखल!" मी ओरडलो. "चिखल आणा! बघताय काय मेल्यांनो!"

पोरं आधी नुसती उभी. मास्तराने कोट काढला, गोळा केला आणि उघाडीच्या तोंडात कोंबला. कोट! त्याच्याकडे दुसरा असेल असं मला वाटत नाही. मग पोरांचे कोट आले, उपरणी आली. मी पाण्यात छातीपर्यंत, मास्तर माझ्या शेजारी, आणि बांधावर पोरांची रांग. ओंजळीने चिखल पुढे देताहेत. निवट्या बघायला ज्या चिखलाला बोट लावत नव्हती त्यात मांडीपर्यंत उतरली. एक पोरगा दोनदा पडला, दोनदा उठला. मी सगळ्यांना शिव्या देत होतो, मास्तरालाही. तो म्हणाला, "बाबा, शिव्या नंतर, आता मोठा दगड कुठे आहे ते सांगा."

पाणी बंद झालं तेव्हा भरती उतरायला लागली होती. अठरातल्या सात कोंड्या वाचल्या. अकरांतलं मीठ विरघळून नुसतं गढूळ पाणी उरलं. मी बांधावर बसलो. अंगावर चिखल वाळून तडकत होता.

मास्तराने लांब नाकवाल्याला पुढे घेतलं. "तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

"हो."

"मग?"

"मी नुसतं बोट लावलं मास्तर. बघायला. ती सहज आली."

"सहज?" मास्तर म्हणाला. "पाचर ठोकलेली फळी सहज येते? उपटलीस आणि वर खोटं?"

"खरंच मास्तर. एका बोटाने आली. देवाशप्पथ."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोणाचा विश्वास बसेना. कसा बसणार? उघाडीची फळी बोटाने येत नाही. पोरगा रडायला लागला, तरी तेच म्हणत राहिला. एका बोटाने आली.

मी तिथेच होतो. दोन हातांवर. पाचर माझ्या कमरेला टोचत होती. आणि मी काही बोललो नाही.

मास्तराने भिजलेल्या वहीतलं कोरडं पान शोधून फाडलं आणि मालकाला चिठ्ठी लिहिली. मला वाचून दाखवली. चूक माझ्या विद्यार्थ्याची आणि माझी, उघाडीवाल्या बाबांनी स्पष्ट बजावलं होतं, त्यांचा काडीचा दोष नाही. मुलाला मंडळातून काढत आहे. तो उद्या वडिलांबरोबर येऊन आपले पाय धरील. यापुढे रविवारच्या फेऱ्या बंद. खाली सही.

"तुम्ही सकाळी नेऊन द्या," तो म्हणाला. "तुमच्यावर बोट यायला नको."

पहिल्या रविवारापासून मी देवाला म्हणत होतो, ही पीडा टळू दे. टळली होती. लेखी.

घरी गेलो. बायको चुलीपाशी होती. सगळी हकिकत गावभर पोचलेली. तिने माझ्या हाताचा वास घेतला.

"मुशीचं त्याल कश्याला लावलंय?"

"लागलं असंल कुठतरी."

"दोनी हातांना?" मग तिने माझ्या कमरेकडे पाहिलं. पाचर अजून तिथेच. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगा रडत व्हता म्हणं."

"रडंल नाय तर काय. हात लावू नको सांगितलेलं त्याला."

"ह्या वयात तुमाला पोरांफुडं पयलवानी कराची हौस. बरा हाय. आता त्या पोराच्या नावावं घाला."

मी जेवलो नाही. तिने आग्रह केला नाही.

लोक म्हणतील, मग म्हाताऱ्याला दया आली. दया-बिया काही नव्हती. मला राग आला होता, आणि तो एका गोष्टीचा. ती उघाडी माझी. त्यातून पाणी येतं ते माझ्या हाताने येतं, थांबतं ते माझ्या हाताने. आणि आता सगळं ठाणं म्हणणार की माजिवड्याची उघाडी कल्याणच्या एका शाळकरी पोराने उपटली. तीही पाचर ठोकलेली! मग मी तिथे इतकी वर्षं काय करत होतो? पोराने उपटता येते अशी पाचर मी ठोकतो? चिठ्ठीने मी सुटत होतो, पण सुटताना मी उघाडीवाला राहत नव्हतो. हे मास्तराला कळलं नाही. शिकलेल्यांना असल्या गोष्टी कळत नाहीत.

आणि पोरगा खरं बोलत होता, तेही होतंच. ते मी लिहून टाकतो, पण वकिलाने त्याच्यावर सभा घेऊ नये.

पुढचं आधीच सांगतो म्हणजे कोणी विचारायला नको. उघाडी माझ्याकडून गेली. दोन वर्षं ती माझ्या चुलत भावाकडे होती, आणि त्या दोन वर्षांत मी खाली मान घालून कोंड्या चोपल्या. भावाने पाणी कधी वेळेवर घेतलं नाही, ते वेगळं. रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या नाहीत. पोरं येत राहिली, जोडे घालूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडं फुटायच्या आत मी निघालो. कल्याणची पहिली गाडी येऊन पोरगा आणि त्याचा बाप पोचायच्या आधी मला पोचायचं होतं. मालकाचं घर ठाण्यात, खोपट भागाच्या पुढे, तलावाच्या वाटेवर. मालक ओट्यावर दात घासत होता.

"काय रे, मीठ बुडवलंस म्हणे?"

मी चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. "ही मास्तराची. पण वाचायच्या आधी माझं ऐका. मास्तर चुकलाय. पोरगा खरं बोलतो. फळी एका बोटाने येत होती. पाचर मी काढलेली. खाचांत तेल मी सोडलेलं."

"तेल?" मालकाने चूळ भरायचं थांबवलं. "अमावास्येला? मीठ तयार असताना? कशासाठी?"

वाटेत सगळं बोलायचं ठरवलं होतं, फक्त हे कसं बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"पोरांना दाखवायला," मी म्हटलं. "एका बोटाने उचलतो म्हणून."

मालक माझ्याकडे बघत राहिला. तो हसला असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो हसला नाही. तेवढ्यात पायरीशी ते बापलेक आले. बाप घामाघूम, कोण्या कचेरीतला असावा, हातात टोपी. पोराचे डोळे सुजलेले. बाप पुढे होऊन वाकणार, तोच मी म्हटलं, "वाकू नका. तुमचा पोरगा खोटं बोललेला नाय. फळी सैल होती. मी केलेली."

बाप मालकाकडे बघायला लागला. पोरगा माझ्याकडे.

"काय बघतोस?" मी त्याला म्हटलं. "हात लावू नको सांगितलेलं, तरी लावलास. ते तुझं. त्याच्यासाठी काय मार खायचा तो बापाकडून खा."

एवढं बोलून मी ओटा उतरलो. मालकाने जा म्हटलं नव्हतं, तरी निघालो.